समोरच्या बाजूचा कागद

काकूंचा फोन आला तेव्हा मी दुसरंच काहीतरी लिहीत होते. त्यांची माझी ओळख नव्हती. कुणाकडून तरी नंबर मिळवला होता. "अगं, तू ते विमानांचं लिहितेस ना? मग माझ्या बाबांबद्दल एक ओळ लिहून दे." बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरच्यांनी त्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायची ठरवली होती. त्यात बाबांची पत्रं, फोटो आणि नातवंडांचे लेख असणार होते, आणि सुरुवातीला कुणा जाणत्या माणसाने त्यांच्या हवाई दलातल्या कामगिरीबद्दल थोडंसं लिहावं अशी त्यांची इच्छा होती. "फार काही नको गं. पासष्टच्या लढाईत त्यांनी एक विमान पाडलं होतं, एवढं आलं पाहिजे." मी लॉगबुक मागितलं. त्यांनी ते नातवाकरवी पाठवलं, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून.

निळ्या कापडी बांधणीचं, कोपरे झिजलेलं लॉगबुक. आतल्या पानांना कपाटाचा आणि डांबरगोळ्यांचा वास. रोजच्या उड्डाणाची एक ओळ: तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा नंबर, वैमानिक, कामगिरी, तास. रात्रीची उड्डाणं लाल शाईत. महिना संपला की बेरीज आणि खाली फ्लाइट कमांडरची सही. बाबांचं अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं, कुठेही खाडाखोड नाही. सप्टेंबर १९६५ चं पान उघडलं आणि ती ओळ सापडली. 'एकावर गोळीबार. गोळ्या लागताना दिसल्या.' पुढे उड्डाणाचा कालावधी. बस. पाडलं असं त्या माणसाने लिहिलेलंच नव्हतं.

मी पान पुन्हा पुन्हा चाळलं. समासात, मागच्या पानावर, महिनाअखेरच्या गोषवाऱ्यात काही आहे का ते पाहिलं. काही नव्हतं. स्वतःच्या हाताने, त्याच संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, त्यांनी डोळ्यांना जेवढं दिसलं तेवढंच टिपून ठेवलं होतं. पुढच्या पन्नास वर्षांत घरातल्या घरात, लग्नकार्यांत, नातवंडांना झोपवताना ते विमान हळूहळू जमिनीवर आलं असणार. बाबा स्वतः ते कधी सांगायचे का, असं मी काकूंना विचारलं. "ते कुठले सांगतात! आई सांगायची." आईला कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही.

या विषयात काही वर्षं काढली की विमान पाडल्याच्या बातमीकडे आपोआप वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. त्यात वैमानिकांबद्दल अविश्वास नसतो. उलट, आकाशातल्या त्या काही क्षणांत माणसाला काय दिसू शकतं हे कळत जातं तसा त्यांच्याबद्दलचा आदर वाढतो. हंटर या आपल्या लढाऊ जेट विमानाच्या चार तोफांमध्ये जेमतेम सात-आठ सेकंद पुरेल एवढा दारूगोळा असे. वळण घेताना शरीराचं वजन पाच-सहा पट होतं, डोळ्यांपुढे राखाडी पडदा येतो, ऑक्सिजन मास्कखाली घाम साचतो. समोरच्या विमानातून धूर निघतो, ते उलटं होऊन ढगात घुसतं, तेवढ्यात आपल्या मागे कुणीतरी असल्याचा ओरडा रेडिओवर येतो. मान वळवून परत पाहीपर्यंत आकाश रिकामं. ते विमान गेलं कुठे? खाली पडलं, असंच कुणालाही वाटणार. दुसऱ्या महायुद्धात जर्मन मेसरश्मिटचा थ्रॉटल एकदम पुढे ढकलला की काळा धूर सुटायचा आणि विमान सूर मारून निसटायचं. पाठलाग करणाऱ्याला ते पेटल्यासारखं दिसायचं. शिवाय एकाच विमानावर तिघं तीन बाजूंनी गोळ्या झाडतात आणि तिघंही प्रामाणिकपणे एकेक विमान पाडल्याचं सांगतात. १५ सप्टेंबर १९४० च्या दिवशी ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. युद्ध संपल्यावर जर्मनांच्या स्वतःच्या नोंदी हाती आल्या तेव्हा तो आकडा साठच्या आसपास निघाला. त्या दिवशी लंडनवर कुणी खोटं बोलत होतं असं मला वाटत नाही. माणसं दमलेली होती, घाबरलेली होती आणि जिवंत परतल्याच्या आनंदात होती.

उतरल्यावर गुप्तवार्ता अधिकारी वही घेऊन उभा असे. किती वाजता, किती उंचीवर, किती अंतरावरून, काय दिसलं. त्या प्रश्नांची उत्तरं देताना वैमानिकाचे हात अजून थरथरत असायचे. हरिकेन, स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानांच्या पंखांतल्या बंदुकांच्या तोंडांवर कापडी पट्ट्या चिकटवलेल्या असत. पट्ट्या फाटलेल्या दिसल्या की विमान जमिनीला टेकण्याआधीच ग्राउंड क्रूला कळे, आज गोळीबार झालाय. मला नेहमी त्या मेकॅनिकची उत्सुकता वाटत आली आहे. त्याने काय पाहिलं, काय ओळखलं, हे कुठल्याच फॉर्मवर नाही.

शाळेत असताना मला आकड्यांचं वेड होतं. आमची शाळा विमानतळाच्या वाटेखालीच होती. लढाऊ विमानं गेली की बाई वाक्याच्या मध्येच थांबायच्या, खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि आवाज विरला की बाई नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या. इंद्रलाल रॉय यांच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं ते त्याच वयात. कोलकात्याचा मुलगा, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ४० नंबर स्क्वाड्रनमध्ये एसई-५ए हे लढाऊ विमान चालवणारा. ९ ते १९ जुलै १९१८ या दिवसांत दहा विजय, आणि २२ जुलैला स्वतःच लढताना गेला. वय एकोणीस. वहीच्या शेवटच्या पानावर मी ते 'दहा' मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं.

पुढे कळलं की त्या काळच्या ब्रिटिश हिशेबात 'ताबा सुटून खाली गेलेलं' विमानही विजय म्हणून धरत, आणि दोघांनी मिळून पाडलेलं विमान दोघांच्याही खात्यावर चढे. रॉय यांच्या दहांपैकी पाच विमानं अशी ताबा सुटून खाली गेलेली आहेत. यातली किती खरोखर जमिनीवर आदळली, कुणास ठाऊक. हे वाचलं तेव्हा मला थोडा राग आला होता, कुणीतरी आपल्या वहीतला आकडा खोडल्यासारखा. आज तोच माणूस मला जास्त जवळचा वाटतो. आधी एका अपघातात जखमी होऊन उड्डाणाला नालायक ठरवला गेलेला, हट्टाने परत आलेला, आणि मोजून काही दिवसांत इतक्या वेळा मरणाच्या जवळ जाऊन आलेला पोरगा. तो आकडा पाच असता तरी त्याची धग कमी झाली नसती. पण हे वयाच्या बाराव्या वर्षी मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

दावा आणि नुकसान यांची सांगड घालायची म्हणजे एका बाजूचा दावा दुसऱ्या बाजूच्या नुकसानीच्या कागदाशेजारी ठेवायचा. ऐकायला सोपं आहे. बसलं की पहिली अडचण घड्याळाची येते. १९६५ मध्ये पश्चिम पाकिस्तानचं घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे होतं. एका बाजूची पाच वाजून पन्नास मिनिटांची चकमक दुसऱ्या बाजूला पाच वीसला घडते, आणि ज्याला हे ठाऊक नसतं तो एका लढाईच्या दोन लढाया करून ठेवतो. मध्यरात्रीच्या आसपास बॉम्बफेक करणाऱ्या कॅनबेरांच्या बाबतीत तर तारीखच बदलते. दुसऱ्या महायुद्धात आणखी गंमत. १९४२ ते १९४५ या काळात भारताचं घड्याळ मुद्दाम एक तास पुढे केलेलं होतं, ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. ब्रह्मदेशच्या आघाडीवरचा उजेड-अंधार जुळवताना हे ध्यानात ठेवावं लागतं. एकदा सूर्य कुठे होता यावरून वेळ ठरवावी लागली, कारण वैमानिकाने डोळ्यांत ऊन आल्याचं लिहिलं होतं.

मग विमानाचा सिरियल नंबर. वैमानिकाची आठवण चुकते, बातमी फुगते, पण विमानाच्या शेपटीजवळचा नंबर सहसा दगा देत नाही. आज पाडलं गेलेलं म्हणून नोंदलेलं विमान चार महिन्यांनी दुसऱ्याच धावपट्टीवर चाक मोडून पडलेलं सापडलं, की समजायचं, ते पडलं नव्हतं. भारतीय हंटरचे नंबर 'बीए' ने सुरू होत, नॅट या छोट्या लढाऊ विमानांचे 'आयई' ने. लंडनजवळच्या क्यू इथल्या अभिलेखागारात ब्रिटिश स्क्वाड्रनच्या रोजनिश्या 'एअर २७' या मालिकेत ठेवलेल्या आहेत. फॉर्म ५४० वर दिवसाचा गोषवारा, ५४१ वर प्रत्येक उड्डाणाचा तपशील. टंकलेखन करणारा कारकून कंटाळला की नंबरातले दोन अंक उलटे पडतात. काही पानांवर एखाद्या दिवसासमोर नुसतं 'डीएनसीओ' असतं, म्हणजे कामगिरी पार पडली नाही. खराब हवा, बिघडलेलं इंजिन, हरवलेली वाट, सगळं त्या चार अक्षरांत. पुस्तकं लिहिणारे ती ओळ ओलांडून पुढे जातात. मला तिथे थांबायला आवडतं. पण अशा ओळींवर लेख लिहिला तर वाचणार कोण, हाही प्रश्नच आहे.

बोयरा घ्या. २२ नोव्हेंबर १९७१, दुपारची वेळ, पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर २२ नंबर स्क्वाड्रनची चार नॅट आणि पलीकडची सेबर लढाऊ विमानं. आपल्याकडे तीन सेबर पाडल्याची नोंद झाली. तोफांबरोबर चालू होणाऱ्या गन कॅमेऱ्याच्या फिती होत्या, आणि त्याहून भक्कम पुरावा म्हणजे पॅराशूटने उतरलेले दोन पाकिस्तानी वैमानिक आपल्या हद्दीत पकडले गेले. त्यातले एक परवेझ मेहदी कुरेशी, जे पुढे १९९७ मध्ये त्यांच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. तिसरं सेबर मात्र मार खाऊन का होईना, ढाक्याजवळ तेजगावला परत पोचलं. आणि ते परत नेणाऱ्या तुकडीप्रमुखाने उतरल्यावर आपण एक नॅट पाडल्याचं सांगितलं. आपली चारही नॅट सुखरूप परत आली होती. दोन्ही बाजूंनी एकेक विमान जास्त मोजलं गेलं, एकाच चकमकीत, एकाच धुराकडे पाहून. बोयराचं यश यामुळे उणावत नाही. पण 'तीन' हा आकडा शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यापर्यंत पोचलेला असतो आणि तिथून तो खाली उतरवणं फार अवघड.

पसरूरची गोष्ट याहून गुंतागुंतीची. ३ सप्टेंबर १९६५. त्या दिवशी ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधून सेबर पाडल्याची बातमी देशभर गेली, त्यांना वीरचक्र मिळालं. पाकिस्तानी बाजू सांगते की ते सेबर जबर मार खाऊन का होईना पण तळावर परतलं. त्याच दिवशी त्याच भागात स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद यांचं नॅट सीमेपलीकडच्या पसरूरच्या पडीक धावपट्टीवर उतरलं. ते का उतरलं? पाकिस्तानी म्हणणं असं की त्यांच्या स्टारफायटर या वेगवान लढाऊ विमानाने त्याला उतरायला भाग पाडलं. आपल्याकडचं म्हणणं असं की चकमकीत सिकंद तुकडीपासून तुटले, इंधन संपत आलं होतं आणि खाली दिसलेली धावपट्टी आपलीच समजून ते उतरले. विमान तर खोटं नाही. आयई १०८३ हा नंबर घेऊन ते आजही कराचीच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. पत्रा, चाकं, काच सगळं जागेवर आहे. वाद आहे तो फक्त सिकंद यांनी त्या शेवटच्या काही मिनिटांत काय पाहिलं आणि काय समजलं याचा. मी दोन्ही बाजूंची वर्णनं शेजारी शेजारी मांडून वाचली आहेत. मला भारतीय वर्णन जास्त पटतं. ते मी भारतीय असल्यामुळे पटतं का, हे तपासायला माझ्याकडे कुठलंच उपकरण नाही.

आपल्याकडे हा उद्योग करणाऱ्याला कागद मिळत नाहीत, हे रडगाणं जुनं आहे. १९६५ च्या युद्धाचा अधिकृत इतिहास संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९९२ मध्ये तयार केला, पण तो मर्यादित लोकांपुरता ठेवला गेला. तो काही वर्षांनी इंटरनेटवर आला तेव्हा आमच्यासारख्यांनी रात्र रात्र जागून उतरवून घेतला. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, २०२१ मध्ये युद्धाचे कागद साधारण पंचवीस वर्षांनी खुले करण्याचं धोरणही जाहीर झालं. तरी पासष्टच्या स्क्वाड्रनची रोजनिशी हातात धरून वाचणं माझ्यासारखीच्या नशिबी अजून नाही. मग उरतात त्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी, घरोघरच्या कपाटांतली लॉगबुकं, आणि समोरच्या बाजूने छापलेलं. कपाटातली लॉगबुकं तर रद्दीत जायच्या बेतात असतात. एका घरात मी पोचले तेव्हा लॉगबुक आधीच गेलं होतं, पदकं मात्र चौकटीत नीट लावलेली होती.

आणि पदकांचाही एक रोख असतो. ज्यांनी गोळी झाडली त्यांची गणती होते. हवाई युद्धाच्या इतिहासाची अर्धी पानं कुणी किती पाडली यावर खर्च झालेली आहेत. काश्मीरच्या युद्धात, २४ मे १९४८ ला, हवाई दलाच्या मेहर सिंग यांनी डकोटा हे मालवाहू विमान लेहला उतरवलं. साडेदहा हजार फुटांच्या वर, सोनम नोर्बू या इंजिनिअरने घाईघाईत तयार करून घेतलेल्या कच्च्या पट्टीवर, ज्या उंचीवरून जायला ते विमान बनवलेलंच नव्हतं त्या उंचीवरून डोंगर ओलांडून. त्यात कुणाचं काही पडलं नाही, पण लेह हातचं गेलं नाही. रमेश सखाराम बेनेगल यांचं नाव तर आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. सुभाषबाबूंनी जपानला पाठवलेल्या कॅडेटांपैकी एक. पुढे भारतीय हवाई दलात येऊन १९७१ मध्ये १०६ नंबर स्क्वाड्रनच्या कॅनबेरांमधून शत्रूच्या प्रदेशाची छायाचित्रं काढणारे. कॅमेऱ्याशिवाय हातात काही नाही, सरळ रेषेत, ठरलेल्या उंचीवर उडायचं, कारण वेडंवाकडं उडालं की फोटो बिघडतो. खालून तोफा सुरू असतात. त्यांना महावीर चक्र मिळालं. पण पोराटोरांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला त्यांच्याकडे आकडा नाही.

काकूंच्या बाबांची ती ओळ मी त्या दिवसाच्या पाकिस्तानी वर्णनांशी ताडून पाहिली. जे काही छापलेलं माझ्याकडे आहे त्यात तिला जुळणारं काही नव्हतं. विमान पडल्याचंही नाही आणि भोकं पडून परत आल्याचंही नाही. यावरून काहीच सिद्ध होत नाही, समोरच्या बाजूलाही झाकून ठेवायची सवय असतेच. मी तीन-चार परिच्छेद लिहिले. त्यांची स्क्वाड्रन, ते तळ, त्या सप्टेंबरातली त्यांची उड्डाणं, एकेका दिवशी तीन तीन वेळा. बाबांचं वाक्य मी जसंच्या तसं अवतरणात ठेवलं आणि त्याखाली लिहिलं की त्या धुमश्चक्रीत इतकी संयमी नोंद करणारे वैमानिक थोडे होते. हे मी मनापासून लिहिलं होतं. फोनवर वाचून दाखवलं. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे पाडलं नाही?"

"तसंही मी म्हणत नाहीये, काकू."

"मग म्हणतेस काय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जड गेलं. त्यांना त्या विमानाशी काही देणंघेणं नव्हतं. ते विमान आईने सांगितलेलं होतं. आईच्या तोंडची गोष्ट आणि बाबांच्या हातची ओळ यांतून एक निवडायला मी त्यांना लावत होते, आणि मी कोण लागून गेले होते? शेवटी पुस्तिकेत माझे परिच्छेद आले आणि पुढच्याच पानावर एका नातवाच्या लेखात आजोबांनी विमान पाडल्याचं ठसठशीत आलं. काकूंनी एक प्रत माझ्याकडे पाठवली. "दोन्ही ठेवलंय गं," एवढंच म्हणाल्या. माझ्यातल्या संशोधकाला ते खटकलं. पण काकूंच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, अशी मला दाट शंका आहे.

"तुम्ही आपल्याच वैमानिकांचे आकडे का कमी करता?" हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागतो. कधी हसत विचारतात, कधी दात-ओठ खात. पाकिस्तानच्या एम. एम. आलम यांनी ७ सप्टेंबर १९६५ ला सरगोध्यावर मिनिटाच्या आत पाच हंटर पाडल्याचा दावा तपासताना सगळे माझ्या बाजूने असतात. तिथे घड्याळ काढा, नंबर काढा, भारतीय नोंदींत त्या ठिकाणी तेवढी विमानं पडलेलीच नाहीत हे दाखवा, टाळ्या मिळतात. तीच फूटपट्टी घरच्या तक्त्याला लावली की सभागृह गप्प होतं. अशा वेळी मी त्याच ७ सप्टेंबरची, त्याच सरगोध्याची दुसरी गोष्ट सांगते.

त्या पहाटे आदमपूरहून १ नंबर स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं सरगोध्याच्या तळावर हल्ला करायला निघाली. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या राखीव वैमानिक होते. कुणाचं विमान ऐन वेळी बिघडलं तर जायचं, नाहीतर मागे राहायचं. जागा रिकामी झाली आणि ते गेले. हल्ला झाला, बाकीची मिस्टेअर अंधुक उजेडात जमिनीलगत परत आली, देवय्या आले नाहीत. परतणाऱ्या कुणीही त्यांचं काय झालं ते पाहिलं नव्हतं. नोंद झाली, बेपत्ता. पुढे मृत समजून. आपल्या बाजूच्या कागदांवर त्या दिवशी देवय्यांच्या नावाने एकही दावा नाही. असणार तरी कसा, सांगायला कुणी परत यायला हवं ना. आपल्या वैमानिकांनी सांगितलं तेवढंच खरं धरायचं म्हटलं तर देवय्यांच्या खात्यावर कायमचं शून्य.

१९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचं पासष्टच्या हवाई युद्धावरचं पुस्तक आलं. पाकिस्तानी हवाई दलाच्या मदतीने, त्यांच्या बाजूने लिहिलेलं. त्यात त्या पहाटेचं एक वर्णन होतं. फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांनी स्टारफायटरमधून परतणाऱ्या एका मिस्टेअरवर झडप घातली, त्याला मारलं. पण ते जखमी मिस्टेअर पडायच्या ऐवजी उलटं अंगावर आलं, दोघं जमिनीलगत भिडले, आणि आवाजाच्या दुप्पट वेगाने जाऊ शकणाऱ्या त्या स्टारफायटरला एका जुन्या, मंद विमानाने गोळ्यांनी भेदलं. हुसेन यांना उडी मारून जीव वाचवावा लागला. पाकिस्तानने आपलं एक स्टारफायटर गमावल्याचं मान्य केलं होतं. ते कसं गेलं, हे आता छापून आलं. त्या पहाटेच्या हल्ल्यातून परत न आलेलं मिस्टेअर एकच होतं.

मग आपल्याकडे चक्रं फिरली. जुने कागद निघाले, जाब-जबाब झाले, आणि १९८८ मध्ये देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झालं. लढाईनंतर २३ वर्षांनी. ते त्यांच्या पत्नीने स्वीकारलं. ते स्टारफायटर पाडलं गेल्याची साक्ष भारतातल्या एकाही माणसाने दिली नव्हती. ती आली पाडले गेलेल्या वैमानिकाकडून, त्याच्या हवाई दलाकडून, त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्या परक्या लेखकाच्या लेखणीतून. जो कागद आपल्या तक्त्यावरचे आकडे खाली आणतो त्याच जातीचा हा कागद. त्याला दार बंद केलं असतं तर देवय्या अजून बेपत्ताच राहिले असते.

हे सांगितलं की लोक भारावतात, डोळे पुसतात. परवा एका कार्यक्रमानंतर तोच प्रश्न विचारणारे एक गृहस्थ पुढे आले. देवय्यांची गोष्ट त्यांना फार आवडली होती. मी म्हटलं, मग आता बोयराचं तिसरं सेबर सोडून देऊ या का? त्यांनी क्षणभर विचार केला.

"ते वेगळं," म्हणाले, आणि माझ्या पुढच्या लेखाचा विषय काय ते विचारू लागले.